परत आलेल्या मुली

माझ्या पोटच्या पोरीला मी माझ्या हातानं काचेवर पालथी घातली. वरचं झाकणही मीच लावलं आणि ते नीट बसावं म्हणून तळहातानं दाबलं, लोणच्याच्या बरणीचं दाबतात तसं. पोरगी म्हणजे तिचा फोटो. पण पुढं जे झालं ते आठवलं की फोटो काय आणि पोरगी काय, मला दोन्ही सारखंच वाटतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आम्ही सांगलीत राहत होतो, ऊस गावाकडे होता, आणि माझी नणंद साताऱ्यात. तिचे यजमान, आमचे दाजी, फौजेतनं सुभेदार होऊन घरी आलेले. शेवटची वर्षं त्यांनी फौजेच्या ऑफिसात काढलेली, त्यामुळं यंत्राची भीती नव्हती. पण मुलं बाहेरगावी, घरी हुकूम ऐकायला एकटी बायकोच उरली होती आणि तीही ऐकत नव्हती. बेंगलोरला नोकरी करणाऱ्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. सोबत कागदावरचा फोटो आत ओढून घेणारा एक चपटा डबा, ज्याला स्कॅनर म्हणतात. दाजींना त्यांची पलटण परत मिळाली.

त्यांनी समाजसेवा काढली. नात्यागोत्यातल्या लग्नाच्या मुलामुलींचे फोटो आत घ्यायचे, खाली शिक्षण, उंची, रंग टाइप करायचं आणि जो स्थळ शोधत येईल त्याला सगळे फ्लॉपीवर भरून द्यायचे. फुकट. हा शब्द ऐकला की त्या वेळची मी तुपासारखी पातळ व्हायचे.

आमच्यात मुलीचा फोटो कसा फिरायचा ते सांगते, म्हणजे मी एवढी का हुरळले ते कळेल. मध्यस्थ पत्रिका आणि फोटो पाकिटात घालून मुलाकडं न्यायचा. पसंत पडला तर "बघायला येतो" असा निरोप. नाही पडला तर फोटो परत. तोंडानं नकार कुणी द्यायचं नाही, फोटो परत आला की समजून घ्यायचं. आणि तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट: होही नाही आणि फोटोही नाही. कोरेगावच्या एका घरानं माझ्या पोरीचा फोटो असाच महिनोन् महिने ठेवून घेतला. मी स्वतः मागायला गेले. घरच्या बाईनं टेबलाच्या खणातनं काढून दिला. मागच्या बाजूला कुणीतरी पेन चालतंय का ते गिरगटून बघितलं होतं. आणि मी काय केलं असेल? "बरं झालं, कोपरे मोडले न्हाईत," म्हणाले आणि चहा पिऊन आले. त्या बाईच्या अंगावर तो चहा ओतायला हवा होता. पण मुलीची आई ना मी. मुलीच्या आईनं तेव्हा चहा प्यायचाच असायचा.

फोटो तरी कसला. सांगलीच्या एका स्टुडिओत काढलेला. माझा शालू, माझाच हार, एक हात प्लास्टिकच्या फुलांवर. स्टुडिओवाल्यानं एवढी पावडर थापली की चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा दिसत होता. पोरगी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली, पहिल्या वर्गात. त्या फोटोत मात्र ती कुणीतरी बाहुलीच्या दुकानात उभी करून ठेवल्यासारखी वाटायची. मला तो फार आवडायचा. अशी होते मी.

तर त्या दिवशी मी फोटो काचेवर ठेवला, झाकण दाबलं. आत एक उजेड सरकत गेला, डबा घरघरला, आणि पडद्यावर पोरगी डोक्याकडनं हळूहळू उतरायला लागली. आधी गजरा, मग कपाळ, मग डोळे. मी चक्क टाळ्या पिटल्या.

"वैनी, आता कुनाच्या दारात फोटो मागायला जायाचं काम न्हाई," दाजी म्हणाले; कोरेगावचं त्यांना मीच सांगितलं होतं. "कागद परत येऊ दे न्हाईतर नको. हितं पक्का बसला."

"मग द्या की समद्यांना," मी म्हणाले. "शिरवळ, खंडाळा, जिकडनं कोण येईल त्याला द्या."

हे वाक्य माझं. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर घालायची सोय नाही.

मग वन्संनी चहा आणि चिवडा आणला आणि दाजींनी बाकीची पलटण दाखवायला घेतली. "फॉल-इन झाल्यात समद्या. एकेक पुढं घेतो." मला माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायचीच होती, म्हणून मी खुर्ची पुढं ओढली. एकेक मुलगी येत होती आणि मी चिवडा खात शेरे मारत होते. हिचं नाक बघा. हिला हसायला कुणी सांगितलं. ही उभी हाय का टेकलीय. वन्संनी एकदा म्हटलं, "वैनी, हळू, शेजारी ऐकू जातंय," तरी मी काही थांबले नाही. निघताना दाजींनी मला दोन फ्लॉप्या भरून दिल्या, त्यातली एक मी भाच्याच्या ऑफिसात पोचती केली. येताना एस.टी.त त्या मांडीवर धरून बसले होते, प्रसादासारख्या.

स्थळांचं पुढं काही जमलं नाही. पण उन्हाळ्यात पोरीला नोकरी लागली, शिरवळला, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. तिनं स्वतः अर्ज केला, स्वतः मुलाखत दिली, आणि पत्र आल्यावर आम्हाला सांगितलं. घरात कुरकुर झाली. ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, दोन दिवस पेपर उलटा-सुलटा केला. मी म्हणाले, "लग्नाआधी परगावी ऱ्हायचं म्हंजे..." तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. कारखान्यातल्याच दोन मुलींबरोबर तिनं शिरवळ गावात खोली घेतली आणि गेली.

पहिल्याच सुट्टीला घरी आली ती पिशवी भिंतीशी टेकवून सरळ स्वयंपाकघरात. मी भाकरी थापत होते.

"आई, माझा फोटो कुणाकुणाला दिलास?"

"का गं? काय झालं?"

"काय झालं ते सांगते. आधी तू सांग."

मी सांगितलं. दाजींचं यंत्र, फ्लॉपी, समाजसेवा. अभिमानानं सांगितलं, देवा. भाकरी करपली तरी सांगत होते.

ती ऐकून घेऊन म्हणाली, "कामावर गेले त्या दिवशी स्टोअरमधला माणूस मला अ‍ॅप्रन देत होता. मी माप सांगायच्या आधीच म्हणाला, पाच फूट दोन ना मॅडम. मला वाटलं, अर्जात लिहिलं असेल. मग दुपारी सह्या करायला ऑफिसात गेले. तिथं एकाच्या कॉम्प्युटरवर, कामाचं सगळं बंद केलं की मागं जे चित्र दिसतं ना, ते माझं होतं. तुझ्या शालूतलं. बाजूला बसलेले सगळे माझ्याकडं बघत होते, मग पडद्याकडं, मग परत माझ्याकडं. एक जण म्हणाला, फोटोत गोरी होती."

मी तव्याकडं बघत होते.

"मी पोचायच्या आधी माझा फोटो तिथं पोचला होता, आई. माझी उंची पोचली होती. कोरेगावच्यांनी नाकारलं हे पण पोचलं होतं."

"ते कसं?"

"ते तुझ्या दाजींना विचार."

त्या वेळच्या त्या शहाण्या बाईनं यावर काय म्हणावं? तिला राग त्या ऑफिसातल्या माणसांचा आला नाही, दाजींचा आला नाही. ती आपल्या पोरीला म्हणाली, "सोड ती नोकरी. आपल्याला नको असली बदनामी."

पोरीनं माझ्याकडं जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. "मी का सोडू? मी काय केलंय?" एवढंच म्हणाली आणि जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत गेली.

ती गेल्यावर मला राग चढला. उशिरा चढला, पण चढला तो चढलाच. आधी ह्यांच्यावर काढला, ते म्हणाले, "मला विचारून दिलावतास का?" आणि परत पेपरात घुसले. मग दुसऱ्या दिवशी पहाटेच मी साताऱ्याची गाडी धरली. कऱ्हाडपर्यंत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते, साताऱ्यापर्यंत त्यातलं निम्मं शेजारच्या बाईला बोलून झालं होतं. ती बिचारी वाटेत अतीत गावाला उतरली, बहुतेक तिला उतरायचं नसतानाच.

दाजी कॉम्प्युटरपुढंच होते.

"दाजी, माझ्या पोरीचा फोटो काढा."

"कुनाला पायजे? पार्टी कुठली?"

"कुनाला न्हाई. पुसून टाका."

दाजींचा चेहरा उजळला. "अगं, साखर आन गं," त्यांनी आत हाक मारली. "पोरीचं जमलं."

"जमलं न्हाई," मी म्हणाले. "नासलं."

आणि मी सगळं सांगितलं. उभ्यानंच. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, फौजी माणूस, मधे बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पोरं हायत, वैनी. वय हाय. आन् फोटो चांगला हाय म्हनूनच लावला ना? एक प्रकारे आपली तारीफच हाय."

तारीफ. मला वाटलं तो डबा उचलून त्यांच्या तारिफेसकट खाली आपटावा.

"काढा," मी म्हणाले.

ते शोधायला लागले, आणि फोटो सापडेना. ते यंत्र फोटो आत घ्यायचं आणि आपल्या मनाला येईल तिथं ठेवायचं. नाव द्यायचं तर नाव नाही, नुसते आकडे. दाजी एकेक आकडा दाबायचे, घड्याळ फिरल्यासारखं काहीतरी फिरायचं आणि भलतीच मुलगी वर यायची. "ही न्हाई. ही बी न्हाई. थांबा, नव्यांत बघतो." नव्यांत नव्हती. पसंतवाल्यांत असण्याचा प्रश्नच नव्हता. मुलांच्या कप्प्यात शोधून झालं. मी त्यांच्या खांद्यामागं उभी होते. मागल्या खेपेला ज्या मुलींच्या नाकाला आणि हसण्याला मी नावं ठेवली होती त्या सगळ्या परत माझ्यापुढनं चालल्या होत्या, आणि या खेपेला प्रत्येकीकडं बघताना मला वाटत होतं, हिच्या आईला ठाऊक असेल का.

शेवटी त्यांनी एक कप्पा उघडला. त्यावर इंग्रजी अक्षरांत "परत" असं लिहिलं होतं. आत पोस्टाच्या तिकिटांसारखे बारीक बारीक फोटो, ओळीनं. सगळ्या मुली. माझी दुसऱ्या ओळीत.

"हे काय हाय, दाजी?"

"ज्यांचे फोटो परत आले त्या. त्याच पार्टीकडं पुन्यांदा जाऊ नयेत म्हनून. शिस्त पायजे का नको? खाली लिवलंय बघा कुनी परत केला ते."

"आणि हे समदं फ्लॉपीत जातंय?"

"समदंच जातंय. निवडत कोन बसतोय."

"मग मुलांचा असा कप्पा कुठाय? न्हाई म्हटलेल्या मुलांचा?"

दाजी माझ्याकडं वळून बघायला लागले. त्यांना खरोखर प्रश्न कळला नव्हता. "मुलांचा कशापायी?"

मला आज वाटतं, त्यांनी चिडून बोलायला हवं होतं. चिडून बोलले असते तर मला भांडता आलं असतं. ते तर साधेपणानं विचारत होते.

मी पडद्याकडं वाकले. नव्या, जुन्या, परत, सगळं नुकतंच डोळ्याखालनं गेलेलं. कुणीतरी नव्हतं त्यात. दाजींची धाकटी मुलगी, लग्नाची, माझ्या पोरीच्याच वयाची. मागल्या दिवाळीत तिच्यासाठीही स्थळं बघतायत हे मला वन्संनीच सांगितलं होतं.

"आपली धाकटी दिसली न्हाई कुठं, दाजी."

"तिचं हातोहात करतोय की," दाजी पटकन बोलून गेले. "घरची पोरगी अशी गावभर फिरवत्यात का कुठं?"

वन्सं चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप माझ्यापुढं ठेवला नाही, दाजींपुढंही ठेवला नाही. दोन्ही हातांत दोन कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दाजींचे कान लाल झाले, पण बोललेलं आत ओढून घेणारा डबा अजून कुणी काढलेला नाही.

"पुसा तो," वन्सं म्हणाल्या.

दाजींनी एक बटण दाबलं. माझी पोरगी ओळीतनं नाहीशी झाली. "झालं. कचऱ्याच्या टोपलीत गेला."

"कशात?"

"तसं म्हनत्यात त्याला. हितं कोपऱ्यात टोपली असती. पुसलेलं आधी टोपलीत ऱ्हातं."

"म्हंजे अजून हाय?"

"हाय, पर टोपलीत हाय."

मग मात्र मी ओरडले. साताऱ्याच्या त्या आळीत माझा आवाज अजून कुणाच्या लक्षात असेल तर असू दे. टोपली रिकामी करून घेतली. मग म्हणाले, हा अख्खा "परत"चा कप्पा पुसा. दाजी म्हणाले, तो समाजाचा आहे. वन्सं म्हणाल्या, "समाज येतोय व्हय हितली धूळ पुसायला? मी पुसते." दाजींनी तरी ऐकलं नाही. कॉम्प्युटर बंद केला आणि त्याच्यावर कापड टाकलं, देव्हाऱ्याला टाकतात तसं.

"बाकीच्यांच्या आया येऊ देत," ते म्हणाले. "मग बघू. आन् वैनी, एवढं बोलताय म्हनून बोलतो. समद्यांना द्या म्हनून तुमीच सांगितलं. फ्लॉप्या तुमीबी न्हेल्या. त्यातल्या पोरी पुसल्या का तुमी?"

भाच्याच्या ऑफिसातल्या त्या फ्लॉपीची मला त्या घटकेपर्यंत आठवणसुद्धा नव्हती. उत्तर नव्हतं म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलले. रागाचं तेच तर बरं असतं, उत्तर नसलं तरी आवाज असतो. चहा न घेता निघाले. माझ्या आयुष्यात मुलीच्या आईनं न घेतलेला तो पहिला चहा, आणि तोही चुकीच्या घरी. वन्संचा काय दोष होता त्यात.

स्टँडवर सांगलीची गाडी लागलेली होती. मी पुण्याकडच्या गाडीत बसले आणि शिरवळचं तिकीट काढलं. डोक्यात एकच: त्या ऑफिसात शिरायचं, त्या माणसाला कॉलरला धरायचं आणि विचारायचं, तुझ्या बहिणीचा लावतोस का असा. खंबाटकी घाटात गाडी कण्हत होती आणि मी पदर खोचून बसलेली, जणू गाडी मीच ढकलत होते.

कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं मला आत सोडलं नाही. मी त्याच्याशीही भांडले. पाळी सुटली तशी पोरगी बाहेर आली, अंगात तो अ‍ॅप्रन, हाताला कसल्यातरी औषधाचा वास. मला बघून तिला आनंद झाला नाही.

"तू कशाला आलीस?"

"त्या मेल्याला बघायला. कुठाय तो?"

"आई, हळू बोल. हे माझं कामाचं ठिकाण आहे."

तिनं मला हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर नेलं. ट्रक जात होते, एकमेकींचं बोलणं तुटत होतं. मी तिला साताऱ्याचं सगळं सांगितलं, टोपलीसकट. मला वाटलं होतं ती हसेल. निदान म्हणेल, बरं केलंस. ती चहात बघत राहिली. मग म्हणाली की शिरवळला ती फ्लॉपी आता कुणाकुणाकडं आहे ते सांगता येत नाही, एकानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं घरी नेली. साताऱ्यात पुसून इथलं काही पुसत नाही.

"मग मी बोलते त्याच्याशी," मी उठले.

तिनं माझा हात धरून खाली बसवलं. "मी बोलले. सकाळीच. सगळे बसलेले असताना त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, हा आत्ता काढायचा, माझ्यासमोर."

मला माझ्या पोरीचा एवढा अभिमान वाटला की मी तिथंच टपरीवाल्याला सांगणार होते. "मग? काय म्हणाला तो?"

तिनं ग्लास बाकावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "काढला त्यानं. सॉरीपण म्हणाला. आणि मग म्हणाला, मॅडम, पण हा आम्ही काही चोरून नाही आणला, तुमच्या घरच्यांनीच वाटलाय ना? आई, उद्या सकाळी परत त्याच्याच टेबलावर हजेरीची सही करायचीय मला. काय सांगू त्याला, तेवढं सांग आणि मग जा."